वरच्या ओळीतलं पहिलं चित्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर येतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आधी एक क्षुल्लक गोष्ट सांगतो. माझ्या मोबाईलवर आजही तेच चित्र आहे जे डबा फोडला तेव्हा होतं. ना मुलांचा फोटो, ना गणपती. ऑफिसातली पोरं चिडवतात, "काका, निदान वॉलपेपर तरी बदला, फोन दुकानातलाच वाटतो." मी हसतो आणि आपण जुन्या वळणाचे असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेतो. ही थाप आहे. एके काळी आमच्या रत्नागिरीत मिऱ्यापासून मारुती मंदिरापर्यंत माझ्याइतकं थीमचं वेड दुसऱ्या कुणाला नसेल.

तेव्हा गावात टचस्क्रीन कुणी पाहिली नव्हती. दादा जहाजावर नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने दुबईहून एक बटणांचा स्मार्टफोन आणला आणि जाताना घरात ठेवून गेला — आई-बाबांसाठी. तो आला तसा आम्ही लँडलाइनचा फोन परत केला, कारण तो महिन्यातले पंधरा दिवस मेलेलाच असायचा. मी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कंपनीत लागलो होतो. माझ्या खिशात साधा फोन, आणि घरात आईच्या उशाशी तो देखणा काळा फोन. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षांच्या पोराच्या पोटात दुखणार नाही?

संध्याकाळी घरी आलो की तो फोन माझ्या हातात. ब्लूटूथवरून मिळतील तेवढ्या थीम मी घेत असे. थीम टाकली की फोनचं अख्खं रूप पालटायचं — मागचं चित्र, अक्षरांचे रंग, मेनूतली सगळी चिन्हं. कधी तो सोन्याचा व्हायचा, कधी पाण्याचा. मधूनच एखाद्या दिवशी मी तो कामावरही न्यायचो, आणि कंपनीच्या कँटीनमध्ये टेबलावर ठेवला की माना वळायच्या. माझ्याकडे बघून तोवर कुणी मान वळवली नव्हती, हेही खरं.

पण एक अट होती, आणि ती दादाची होती. फोन आईच्या हातात परत जाताना जसा होता तसाच हवा.

कारण सांगतो. आई दुसरीपर्यंत शिकलेली. मराठी सावकाश लावून वाचायची, इंग्रजीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. फोनचा मेनू इंग्रजीत. म्हणून दादाने तिच्यासाठी स्क्रीनवर वरच्या बाजूला चित्रांची एक ओळ लावून दिली होती. ओळीतलं पहिलं चित्र आपोआप उजळलेलं असायचं. मधलं बटण दाबलं की फोटोंच्या चौकटी उघडायच्या — एकात दादा, एकात मी, एकात डॉक्टर, आणि एकात इब्राहीमभाईंची रिक्षा. रिक्षावर जाऊन परत दाबलं की झालं. आईला अक्षर लागत नव्हतं. तिला जागा लागत होती. वरच्या ओळीतलं पहिलं, मग खालच्या चौकटीतली रिक्षा.

आणि दादा पडला जहाजावरचा माणूस. तिथे म्हणे दर आठवड्याला भोंगा वाजतो आणि आग नसताना सगळे आग लागल्यासारखे पळतात. सुट्टीत त्याने घरात तेच चालू केलं. आई भाकऱ्या थापत असायची आणि हा ओरडायचा, "आई, ड्रिल." की आईने पिठाचे हात पुसायचे, खाटेवर बसायचं, चित्र दाबायचं, रिक्षा दाबायची. पलीकडून इब्राहीमभाई म्हणायचे, "काकी, ड्रिल हाय ना?" आई पदर तोंडाला लावून हसायची. बाबा ओटीवरून म्हणायचे, "मी मेल्यावर खरां ड्रिल करा." बाबा होड्या दुरुस्त करायचे, जिभेलाही रंधा मारलेला होता त्यांच्या.

दादा तिला एकच बजावायचा. घाबरून रस्त्याकडे धावायचं नाही. आमचं घर वाडीच्या टोकाला, शेजार लांब, दिवसा अर्धी माणसं बंदरावर. आधी बसायचं आणि फोन लावायचा. धावलीस तर वेळ जाईल.

तिने ते शब्दशः ऐकलं. पुढे जे झालं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

एका रविवारी मला ड्रॅगनची थीम मिळाली. काळीभोर, आणि तोंडातून निळा जाळ. मेनूतली चिन्हं सगळी एकाच करड्या धातूची — कुठलं कशाचं ते मलाही चटकन कळेना. पण आईच्या चित्रांची ओळ बरोबर ड्रॅगनच्या तोंडावर येत होती. जाळ दिसतच नव्हता. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन ती ओळ बंद केली. चित्र कसं खुललं म्हणून सांगू — मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. सोमवारी कँटीनमध्ये दाखवायचं आणि घरी येऊन पूर्ववत करायचं, असं ठरवलं.

सोमवारी सकाळी निघताना आई म्हणाली, "आज फोन नेव नको हां. दादाचां जहाज बंदराला लागणार, तो फोन करील." मी फोन तिच्या उशाशी ठेवला आणि नाक्यावर कंपनीची बस पकडायला गेलो.

दुपारच्या आत मला कंपनीत निरोप आला. बाबांच्या छातीत कळ आली होती. आईने त्यांना खाटेवर निजवलं आणि स्वतः बसली. फोन घेतला. मधलं बटण दाबलं तर भलतंच काही उघडलं, मागे आली, परत दाबलं. किती वेळ ती दाबत राहिली कुणास ठाऊक. शेवटी फोन टाकून ती रस्त्यापर्यंत धावली. तिथून मासळीचा बर्फ नेणारा टेम्पो चालला होता, त्यात बाबांना घातलं. हॉस्पिटलच्या दारात पोचले तेव्हा बाबा नव्हते.

लवकर नेलं असतं तर वाचले असते का? डॉक्टरांना मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. पण खरं सांगू, माझा गुन्हा तो नाहीच. तो अपघात म्हणून एखाद्याने सोडूनही दिला असता. माझा गुन्हा त्यानंतरचा आहे.

बाबांना घरी आणलं. ओटीवर माणसं जमली, आईभोवती बायका. मी आत गेलो. फोन खाटेखाली पडला होता. तो उचलून मी मागच्या दाराने विहिरीकडे गेलो आणि ड्रॅगन काढला. जुनी थीम लावली. ओळ चालू केली. हात सरावलेला होता; बाहेर बाबा निजलेले आणि माझा अंगठा एकदाही चुकला नाही. मग कॅमेऱ्याने काढलेले फोटो उघडले — कशाला उघडले? — आणि तिथे त्या सकाळचे फोटो होते. फोनच्या कडेला कॅमेऱ्याचं बटण असायचं, ते तिच्याकडून दाबलं गेलं होतं. एकात खाटेचा पाय. एकात छपराची कौलं. एकात बाबांचा हात, आणि त्यावर तिचा हात. हलल्यामुळे सगळं पुसट.

आईने प्रयत्न केल्याचा जगात तेवढाच पुरावा होता. मी ते फोटो पुसले. फोन प्रत्येक वेळी विचारत होता — नक्की पुसू का? मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

दादा तेराव्याच्या आत पोचला. आई तोवर सगळ्यांना एकच सांगत होती, "तां चित्र तिथां नव्हतां. फोन आपला नव्हताच तो. काळां काहीतरी होतां, जाळ होता." बायका डोळे पुसत मान हलवायच्या. दुःखाने भ्रमली, म्हणायच्या. दादाने हे ऐकलं आणि तो चिडला — इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. वडिलांचं तोंडही पाहायला न मिळालेला माणूस. चारचौघांत त्याने आईच्या हातात फोन दिला आणि म्हणाला, "कर ड्रिल."

आईने स्क्रीनकडे पाहिलं. ओळ होती. पहिलं चित्र उजळलेलं होतं. तिने दाबलं. फोटो उघडले. तिने रिक्षा दाबली.

आणि अंगणातल्या माणसांत बसलेल्या इब्राहीमभाईंच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी घाईघाईने तो बंद केला आणि मान खाली घातली. तेवढ्यात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी त्या दिवशी नाक्यावरच होतो, काकी." वाईट हेतूने नव्हे. भला माणूस तो. आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग फोनकडे, मग हळूच म्हणाली, "वाजला." दादा म्हणाला, "किती वेळा शिकवलं होतं, आई." मी कुठे होतो? मी खांबाला टेकून उभा होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं. मी सगळ्यांबरोबर फोनकडे बघत होतो.

त्या दिवसापासून आईचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. वेडी झाली नाही ती, तसं समजू नका. पण आमटीत चमचा घालण्याआधी डबा पुढे करून विचारायची, "ह्यां मीठच ना रे?" दारात माणूस आला तर आधी मला हाक मारायची, कोण आहे ते मी सांगितल्यावर त्याच्याशी बोलायची. बाजारात नोट दोनदा दुकानदाराला दाखवायची. फोनला तर ती पुन्हा शिवलीच नाही. दादाचा फोन आला की मी तो तिच्या कानाला धरायचो. दादा तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. बोलणं लवकर संपायचं. आई तरीही कान तिथेच ठेवून बसायची.

अजून एक आहे. खरं तर इतकं सगळं मी तुम्हाला सांगितलं ते हे सांगायचं लांबवण्यासाठी. मघाशी मी लिहिलं, फोन उशाशी ठेवला आणि बस पकडायला गेलो. त्या दोन गोष्टींच्या मध्ये काही घडलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. तसंच वाटावं म्हणून मी ते तसं लिहिलं. नाक्यावर बसची वाट बघताना मला आठवलं होतं. ओळ बंद आहे, हे मला स्पष्ट आठवलं होतं. घर तिथून दिसत होतं. बस वळणावर येताना दिसत होती. मी मनात म्हटलं, एक दिवसाने काय होतंय — आणि बसमध्ये चढलो. खिडकीची जागा मिळाली म्हणून बरंही वाटलं.

बाबांच्या वर्षश्राद्धानंतरची गोष्ट. आई मागच्या पडवीत कोकमं वाळत घालत होती. दादा परत जहाजावर गेलेला, घरात आम्ही दोघंच. तिने हात न थांबवता मला विचारलं, "तुला त्या फोनातलां सगळां कळतां. खरां सांग. आपोआप, किंवा कुणी काय केलानी म्हणून, तां चित्र एक दिवस जाईल आणि परत येईल — असां होऊ शकतां काय?"

तिने 'कुणी' म्हटलं होतं. ते म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला संशय होता का? की ती मला वाट काढून देत होती? हे मी किती वेळा घोळवलंय त्याला गणती नाही. तिथे कुणी तिसरं नव्हतं. दादा समुद्रावर होता. ती रागावलीही नसती, एवढं मी माझ्या आईला ओळखतो. तिला फक्त तिचे डोळे परत हवे होते.

मी म्हणालो, "नाही आई. असं होऊ शकत नाही."

"बरां झालां विचारलां," ती म्हणाली. आणि हातातलं कोकम माझ्यापुढे धरून तिने विचारलं, वाळलंय ना रे?

ती गेल्यालाही आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ती मला विचारून जगली.