सासऱ्यांचं विलायती झाड

जगात लाज म्हणून जेवढी आहे, त्यातली निम्मी माझ्या सासऱ्यांनी मला एकट्याला मिळवून दिली. कल्याणच्या मराठी शाळेत ते हेडमास्तर, मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. मध्ये एवढी खाडी असूनही त्यांचा प्रत्येक प्रताप माझ्या आधी कचेरीत पोहोचलेला असे. माणूस देवासारखा, पण समजावून सांगण्याचं भारी व्यसन. त्यांच्याकडे ताक मागितलं, तर विरजण कसं लागतं इथपासून सुरुवात, आणि तोवर आपला घसा कोरडाच. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि हे वधूपिते मांडवातल्या पोरांना हातातली अक्षत दाखवून विचारताहेत, "हा तांदूळ पेरला तर उगवेल का? नाही. का नाही? कारण कांडताना याचा कोंब मोडला." भटजी थांबले, माझे वडील खाकरले, घटका बुडाली, तरी यांचा तांदूळ काही संपेना.

पोरांच्या वाचनपुस्तकात विलायतेतल्या ओक नावाच्या झाडावर एक धडा होता. एवढंसं टोपीवालं बी, आणि त्याचा केवढा तरी वृक्ष होतो, अशी हकिकत. आता कल्याणात ओक पाहिलाय कोणी? बाकीचे मास्तर तो धडा पाठ करून घेत आणि मोकळे होत. सासरे तो करून दाखवत. जमिनीवर मुटकुळं करून बसायचं, उपरणं अंगाभोवती घट्ट लपेटायचं, ही झाली बियाची साल. डोक्यावरची पगडी ही त्याची टोपी. "पिकलं की बी टोपी सोडतं," म्हणत पगडी बाजूला ठेवायची. "आता ओल लागली. आधी काय बाहेर येईल? शेंडा? चूक! आधी मूळ." की उपरण्यातून एक पाय हळूच बाहेर. "मूळ खाली रुतलं, की मग शेंडा वर." की एक हात आढ्याकडे. "आणि तोवर ते खातं काय? बियाच्या पोटात दोन दळं असतात. ती आईनं बांधून दिलेली शिदोरी." हे शाळेच्या चार भिंतींत चाललं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण एकदा भर बाजारात, भाजीवालीच्या पोरीनं काहीतरी विचारलं म्हणून, ते असे बोडक्या डोक्याने पाय बाहेर काढून बसलेले, आणि मी आमच्या शिरस्तेदारांबरोबर नेमका तिथून चाललेला. "हे कोण हो गृहस्थ?" शिरस्तेदारांनी विचारलं. मी ओळख नाकारण्याच्या बेतात होतो, तोच उपरण्यातून हाक आली, "या जावईबापू, या! आत्ताच मूळ फुटलंय." धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मी त्या दिवशी मनापासून म्हटलं.

त्यात एका हिवाळ्यात मुंबईच्या गोदीतल्या कोणा ओळखीच्याने विलायतेहून आलेलं ओकाचं खरंखुरं बी त्यांना आणून दिलं. सासरे हरखून गेले. ते कापसात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं, रोज त्याला नमस्कार केला, आणि मृग लागल्यावर मुहूर्त पाहून कुंडीत लावलं. कुंडी ओटीवर. स्नान झालं की हे तिच्यापुढे बसत. शाळा सुटली की पोरंही येऊन बसत. कितीतरी दिवस नुसती माती. यांचं जेवण कमी झालं, बोलणंसुद्धा कमी झालं. आणि एका सकाळी कोंब! पुढे पानं आली ती कडा कातरलेली, थेट पुस्तकातल्या चित्रासारखी. अर्ध्या गावाने येऊन ओक पाहिला.

मग काय, त्याची मुंज करायची टूम निघाली. "पिंपळाची होते, मग हा तिकडचा पिंपळच समजा," सासरे म्हणाले.

"गोत्र कुठलं म्हणू?" भटजींनी विचारलं.

"ज्याचं ठाऊक नाही त्याचं आपण काश्यप म्हणतो ना? मग घाला त्याला काश्यपात."

जावई म्हणून मला पुढचा पाट. मागे सगळी शाळा. भटजी रोपाला जानवं घालू लागले, तेवढ्यात एक पान मोडलं आणि देठातून पांढराशुभ्र चीक आला. भटजींनी बोटं एकमेकांना लावून पाहिली. ती चिकटली.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हा फणस आहे हो."

फणसाच्या कोवळ्या रोपाची पानंही कधी कधी अशी कातरलेली असतात, हे तेव्हा आठवलं सगळ्यांना. मंडळी पोट धरधरून हसली. पोरं मात्र हसली नाहीत, ती मास्तरांकडे बघत राहिली. सासऱ्यांनी आणखी एक पान मोडून पाहिलं आणि ते आत निघून गेले. मी पाटावर बसून पायांचे अंगठे मोजत होतो.

आत सासूबाई माझ्या बायकोला रडत सांगत होत्या, "इकडून रोज त्या कुंडीपुढं बसणं व्हायचं गं. जेवण जाईना. मला बघवेना. मीच फणसाची आठळी खोचली मातीत."

सासऱ्यांनी ते ऐकलं. सासूबाईंना ते एका शब्दानेही बोलले नाहीत. कुंडी उकरून तळातलं ते विलायती बी तेवढं काढलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, पोरांना मी हा ओक म्हणून दाखवला. आता त्यांच्यासमोर उभा कसा राहू?" त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत लाजलेले सासरे मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. बायकोने मला बरोबर धाडलं. मी पडवीत थांबलो, आतून हशा उठला की त्यांना घेऊन घरी यायचं अशा तयारीने. त्यांनी चाकूने बी चिरलं. आत काळा भुगा होता.

"हे ताजं असताना मातीत पडायला हवं होतं," ते म्हणाले. "वाळलं आणि मेलं बहुधा. मी जपून ठेवलं म्हणून मेलं. तुम्हाला दाखवलं ते फणसाचं रोप. सांगितलं ते ओकाचं, पण तो मीही पाहिलेला नाही. माझं चुकलं, मुलांनो."

कोणी हसलं नाही. सासऱ्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बाकीचे प्रताप सांगताना मी स्वतःही हसतो, पण इथे आलो की मला पुढे नीट सांगता येत नाही. पुढे बसलेल्या एका पोराने विचारलं होतं, "मास्तर, ते आत मेलेलं तुम्हाला कळलं नाही?"

"नाही रे," सासरे म्हणाले, "मी रोज पाणी घालत होतो."