पाठीला खोचलेला पान्हा

आधीच सांगून टाकतो, आमच्या पोशीर गावात माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. मी ओढ्यात हातभर मासा धरला म्हटलं की आई लहानातला लहान तवा चुलीवर ठेवते. त्यामुळे विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात मला सहा आठवडे वायुदलाच्या तळावर प्रत्यक्ष काम शिकायला पाठवणार, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी भाताचा भारा बांधता बांधता एवढंच विचारलं, "म्हंजी कुठलं ग्यारेज रं?"

मी पत्र दाखवलं. त्यावरचा शिक्का बाबांनी उन्हात धरून पाहिला. मग बातमी त्यांनी स्वतः नेरळच्या बाजारात पोचवली, आणि ती तिथे पोचेपर्यंत मी लढाऊ विमान चालवायला लागलो होतो. माझी सवय कोणाकडून आली ते तुम्हीच ठरवा.

तळ घाटापलीकडे होता. विमान मालवाहू. केवढं म्हणाल तर अख्खं पोशीर म्हशींसकट त्याच्या पोटात जाईल आणि वर शिळफाट्याचा बाजार भरवायला जागा उरेल. बरं, निम्मं वजा करा. म्हशी मात्र राहू द्या.

पहिले दोन आठवडे त्या विमानाला मी बोटही लावलं नाही. रोज सकाळी सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर, मान खाली घालून विमानं उभी राहतात ती जागा चालून काढायची आणि दिसेल तो खडा, तार, खिळा उचलायचा. इंजिनाने एक खडा आत ओढला तर इंजिन गेलं. बाकीची पोरं तिसऱ्या दिवशी मान चोळत होती. मी भातलावणीच्या ओळीत वाढलेलो, मला वाकून चालायचा काय त्रास. नखाएवढी वॉशर मी वीस पावलांवरून हेरली. आम्हाला शिकवायला साताऱ्याकडचे एक वॉरंट ऑफिसर होते, ते म्हणाले, "डोळे चांगलेत लेका तुझे. तोंडाला जरा विश्रांती दे."

चौथ्या आठवड्यात हातात हत्यार आलं. तिथली हत्यारांची पेटी मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली, पान्ह्याला पान्ह्याची, पकडीला पकडीची. काम सुरू करताना मोजायचं, सही करायची. संपलं की परत मोजायचं. एक खाच रिकामी दिसली तर विमान जागचं हलत नाही, मग त्याची वाट दिल्ली बघत असो की देव. राहिलेला पान्हा वर आकाशात कुठल्या तारेत, कुठल्या दांड्यात जाऊन अडकेल याचा नेम नाही.

त्या दिवशी विमान दुपारी निघायचं होतं. मी आणि शिळफाट्याचा माझा वर्गमित्र आतल्या एका झाकणाचे बोल्ट आवळून खाली उतरलो, पेटी उघडली, आणि एक खाच रिकामी. छोटा पान्हा. माझ्या सहीचा.

मी लगेच सांगितलं. वॉरंट ऑफिसर साहेबांनी काम थांबवलं. सगळ्यांनी खिसे उलटे करून दाखवले. झाकण पुन्हा उघडलं, बॅटऱ्या आणल्या, आठ माणसं विमानात शिरली. दीड तास झाला. दुपार टळून गेली. पायलट येऊन एकदा घड्याळाकडे बघून गेला. मला दिसत होतं ते अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, म्हणजे न मिळालेलं, आणि पोशीरच्या पारावर बाबांना विचारणारी तोंडं.

दमून मी ट्रॉलीला टेकलो, तर पाठीत काहीतरी टोचलं.

आमच्याकडे शेतावर जाणारा माणूस कोयता हातात धरत नाही. कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधलेली असते, तिच्यात कोयता अडकवायचा, म्हणजे झाडावर चढायला दोन्ही हात मोकळे. बाबा तसे, आजा तसा. शिडीवरून उतरताना मला दोन हात मोकळे हवे होते, तर माझ्या हाताने मला न विचारता पान्हा मागे पट्ट्यात खोचला होता. वरून जाकीट. खिसे सगळ्यांनी दाखवले. पाठ दाखवायचं कोणाला सुचतं?

मित्राने माझं तोंड बघितलं आणि ओळखलं. कानाशी आला. "गप ट्रॉलीखाली सरकव ना रं. सापडला म्हणून ओरड. कोणाला कळतंय?"

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात गोष्ट तयार झाली होती. पान्हा घरंगळत कसा गेला, कुठल्या चाकाला आपटून कसा वळला, सगळं. अशी सुरेख थाप मला पुन्हा सुचली नाही. पण वर विमानात आठ माणसं अजून गुडघ्यांवर होती, आणि माझी थाप खरी धरून ती त्या ट्रॉलीचा रस्ता बदलतील, पेटीची जागा बदलतील, आणि पुढचा पान्हा पुन्हा कोणाच्या तरी पाठीलाच राहील.

मी साहेबांपुढे जाऊन पाठ केली आणि जाकीट वर उचललं.

त्यांनी पान्हा ओढून हातात घेतला. मग म्हणाले, "कोयता लावतोस काय रे?"

"आमच्याकडं असंच लावत्यात, साहेब."

"लिही."

वहीत मी लिहिलं: 'पान्हा माझ्या पाठीला खोचलेला होता.' त्यांनी वाचलं. "आल्यापासून पहिलं वाक्य असं बोललास की वजाबाकी करावी लागली नाही." हे त्यांना पोशीरहून कोणी कळवलं होतं, देव जाणे.

विमान उडालं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम शेजारी उभं केलं. "त्यात तुझा पान्हा नाही हे तुला पक्कं माहीत आहे. आत बसलेल्यांनाही. हेच आपलं काम." दुसऱ्या दिवसापासून शिडी चढण्याआधी सगळ्यांच्या पाठी तपासायचा नियम झाला, आणि तो तपास माझ्याकडे आला. प्रमाणपत्रही मिळालं. आई ते तांदळाच्या कणगीमागे ठेवते, उंदीर काय ते वाचतात.

घरी आल्यावर मी पडवीच्या भिंतीवर चुन्याने कोयता, विळा, पहार, कुदळ यांचे आकार काढून खिळे ठोकले. बाबा म्हणाले, "भिंत खराब केलीस." गोष्ट सगळी सांगितली. पायलटच्या मिशा थोड्या वाढवल्या, बाकी होतं तसं. बाबांनी सवयीने निम्मं वजा केलं असणार.

चार दिवसांनी शेतावरून येऊन ते हातपाय धुवायला बसले आणि तसेच उठले. भिंतीवर विळ्याचा आकार रिकामा होता. ओल्या पायांनी बांधाकडे परत निघाले.

"उद्या आणा की," आई म्हणाली.

"नाय गं," बाबा म्हणाले. "एक कमी हाय."