चाकांवरचं माहेर

भानुदास वाहुळ्यांचा उभा जन्म वजनं करण्यात गेला. पामर्स्टन नॉर्थमधल्या दुधाच्या प्रयोगशाळेत त्यांचा तराजू काचेच्या पेटीत असतो आणि शेजारी कुणी शिंकलं तरी त्याचे आकडे हलतात. चिमूटभर दूध पावडरीत पाणी किती, हे दशांशाच्या पुढे चार घरांपर्यंत सांगणारा हा माणूस. पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, नोकरी लागली, राहिला. पण घरात त्यांच्या तराजूला कुणी विचारत नाही, कारण घरातलं सामान भरायचं खातं सुरेखाबाईंकडे आहे.

सुरेखाबाईंचा त्या खात्यातला मंत्र एकच, "असू दे." दोन दिवस नेपियरला जायचं असलं तरी छोटा कुकर असू दे, स्वेटर असू दे, मेतकुटाची बरणी असू दे, लागलं तर. मुलगी धम्मदीना लहान होती तेव्हा बापाला कानात सांगायची, "बाबा, आई इज पॅकिंग असू दे अगेन." तेव्हापासून त्या घरात 'असू दे' हे सामानाचंच नाव झालं. डिकीत किती असू दे आहेत, असं भानुदास विचारत, आणि सुरेखाबाई त्यात आणखी एक ठेवून देत.

मग चार वर्षांपूर्वी सुरेखाबाईंची मूत्रपिंडं थकली. आता रोज रात्री झोपताना पोटातली नळी यंत्राला जोडायची. यंत्र रात्रभर पोटात औषधी पाणी भरतं आणि काढतं, तेव्हा कुठे सकाळ उजाडते. ते पाणी पिशव्यांतून येतं, पिशव्या खोक्यांतून. एका रात्रीला एक खोकं, साडेबारा किलोचं. गॅरेजमध्ये छतापर्यंत खोकी रचलेली असतात आणि सुरेखाबाई त्यांना माझा शिधा म्हणतात. बाई हसत म्हणतात, म्हणून ऐकणाऱ्यालाही हसावं लागतं.

यंदा धम्मदीनाला दिवस गेले. ती आणि जावई क्राइस्टचर्चला, म्हणजे समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावर. पहिलं बाळंतपण माहेरी, हा सुरेखाबाईंचा हट्ट नव्हे, ती त्यांच्या लेखी सृष्टीची रीत. पण लेकीचं ब्लड प्रेशर वर गेलं आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची बंदी केली. तेव्हा सुरेखाबाई म्हणाल्या, लेक माहेरी येत नसेल तर माहेर लेकीकडे जाईल. लेकीचं घर म्हणजे दोन खोल्या, त्यात रात्रभर घुरघुरणारं यंत्र कुठे मांडणार? म्हणून भानुदासांनी फील्डिंग गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याची जुनी कॅरव्हॅन घेतली. एक पलंग, एक शेगडी, एक मोरी. सुरेखाबाईंनी दाराला तोरण लावलं. धम्मदीना फोनवर म्हणाली, "आई, हीप्स सामान आणू नकोस, इथे सगळं मिळतं." आईने हो म्हटलं आणि घंगाळ घासायला घेतलं.

खोकी क्राइस्टचर्चला पोचवायची व्यवस्था महिनाअखेरची केली होती. पण डॉक्टरांनी बाळंतपण आधीच, पुढच्याच आठवड्यात करायचं ठरवलं. भानुदासांनी पिशव्यांच्या कंपनीला फोनवर फोन केले. पलीकडून गोड आवाजात एकच उत्तर आलं, की सध्या मालाचा तुटवडा आहे, या महिन्यात पत्ता बदलून मिळणार नाही. आपलीच खोकी साध्या ट्रान्सपोर्टने पाठवावीत म्हटलं, तर यंत्र शिकवणाऱ्या नर्सने हात जोडले. मागे एकदा पिशवीला टाचणीएवढं भोक पडलं होतं, पोटात जंतू गेले आणि सुरेखाबाई तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या. आता प्रत्येक खोकं स्वतःच्या हाताने उचलायचं आणि स्वतःबरोबर न्यायचं. म्हणजे जितकी खोकी बसतील तितकेच दिवस लेकीपाशी.

तीन आठवड्यांची खोकी काढली. त्यात बाळंतिणीचं सामान आलंच: डिंकाच्या लाडवांचे डबे, अळीव, बाळाला न्हाऊ घालायचं पितळी घंगाळ, लाकडी पाळणा, गोधड्या, लोखंडी तवा आणि सुरेखाबाईंच्या आईचा दगडी खलबत्ता. पहिल्यांदा सगळं जड सामान कॅरव्हॅनच्या पुढच्या अंगाला ठेवलं, तर गाडीची शेपटी जमिनीला टेकायला आली आणि पुढचे दिवे आभाळ बघू लागले. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. भानुदासांनी मग खोकी मागच्या टोकाला हलवली. जोडणीवरचा भार कमी झाला, जिंकल्यासारखं वाटलं. अ‍ॅशहर्स्टच्या रस्त्यावर चाचणीला निघाले आणि जरा वेग घेतल्याबरोबर मागून कॅरव्हॅन डुलू लागली, आधी हळूच, मग अशी की गाडीच तिच्या मागे फरफटायला लागली. भानुदासांनी पाय काढून घेतला आणि कडेला थांबले तेव्हा त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.  सुरेखाबाईंनी मांडीवरचा लाडवांचा डबा घट्ट धरला होता.

मग ते वजन वाटणारा हिच घ्यायला गेले. गाडी आणि कॅरव्हॅनच्या सांध्यावर बसवायच्या दोन पोलादी दांड्या त्या. साखळ्यांनी ताणल्या की सांध्यावरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि कॅरव्हॅनच्या चाकांवर वाटला जातो, गाडी पुन्हा सपाट उभी राहते. दुकानदार म्हणाला, भार वाटला जातो हं, कमी होत नाही. भानुदासांनी मान डोलावली. हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. पण दुःख वाटून घेतलं की हलकं होतं, हेही आपण शाळेपासूनच ऐकत आलेलो असतो, आणि गरजवंताच्या मनात ही दोन वाक्यं केव्हा एक होतात ते त्याला कळत नाही. खोकी चाकांच्या बरोबर वर आणून ठेवली, दांड्या ताणल्या, गाडी सरळ झाली. भानुदास दोन पावलं मागे सरून बघत राहिले. इतकं सुंदर सपाट उभं राहिलेलं ओझं जड असेल, हे त्यांच्या मनाला पटेना.

गावाबाहेर ट्रक तोलायचा वजनकाटा आहे. काट्यावरच्या बाईने किया ओरा म्हणून स्वागत केलं, दाराचं तोरण छान आहे म्हणाली. आधी गाडी तोलली, मग कॅरव्हॅन, मग दोन्ही मिळून. पुढच्या चाकांवरचा भार पुन्हा जागेवर आला होता. हिचने आपलं काम चोख केलं होतं. आणि तरी कॅरव्हॅन तिच्या मर्यादेपेक्षा दीडशे किलोंनी जास्त भरली, आणि गाडीत आणखी चिमूटभर ठेवायला जागा नव्हती. भानुदासांनी पुन्हा तोलायला सांगितलं. बाईने न कुरकुरता पुन्हा तोललं. आकडा तोच. "सॉरी, लव्ह," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं असावं, कारण तिने कागद देताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन भानुदासांनी आधी स्वतःचं सगळं काढलं. कॅरव्हॅनला बाहेरून लावायचा मांडव, खुर्च्या, हत्यारांची पेटी, पुस्तकं, पाण्याची टाकी, दोनातलं एक गॅसचं सिलिंडर, शेवटी दुसरे बूटसुद्धा. मग स्वयंपाकघरातला काटा आणि न्हाणीघरातला काटा ड्राइव्हवेवर आणून एकेक वस्तू तोलत बसले. त्यांना प्रत्येक वस्तू आता दिवसांत दिसू लागली. पाळणा म्हणजे एक दिवस आणि वर थोडं. घंगाळ म्हणजे अर्धा दिवस. खलबत्त्यात एक अख्खी रात्र जात होती. जाण्यायेण्याच्या रात्री वजा केल्या, बेरीज तीनदा केली. आयुष्यभर ज्या आकड्यांनी त्यांना मान मिळवून दिला तेच आकडे आज शेजाऱ्यासारखे कुंपणापलीकडे उभे राहून बघत होते. त्यांना रडू येत होतं आणि कुणावर रागवावं हे कळत नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, हेच तर वाईट होतं.

सुरेखाबाई कॅरव्हॅनच्या पायरीवर येऊन बसल्या. भानुदासांनी हिशेब सांगितला. बाळंतिणीचं सामान इथेच ठेवलं तर लेकीजवळ तेरा दिवस मिळतात, विहारातली माणसं नामकरणाला येणार आहेत, तो रविवारही गाठता येतो. सामान नेलं तर नऊच दिवस आणि नामकरण हुकतं. पाळणा क्राइस्टचर्चला विकत मिळेल, घंगाळाऐवजी टब मिळेल, खलबत्त्यावाचून कुणाचं अडत नाही. त्यांनी हे सगळं अगदी समजुतीने सांगितलं. 

सुरेखाबाई बराच वेळ खलबत्त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांची आई त्यात सुंठ कुटायची, आणि धम्मदीनाच्या वेळी त्यांनाही त्यातलीच सुंठ मिळाली होती.

"अहो, खोकी संपतात," त्या म्हणाल्या. "तेरा नेली तरी तेराव्या दिवशी माझ्या हातात काय उरणार? रिकामे पुठ्ठे. मी परत आल्यावर तिच्याजवळ काहीतरी राहायला हवं ना."

"पण नामकरण, सुरेखा."

"नाव काय, फोनवरपण ऐकू येतं."

 जो माणूस चार घरांपर्यंत अचूक सांगतो, त्याला एवढंही सांगता आलं नाही की मला तुझे लेकीपाशी चार दिवस जास्त हवे आहेत, खलबत्ता नको. कारण ते चार दिवस त्यांचे नव्हतेच. ते उठले आणि मर्यादेबाहेरची खोकी एकेक करून गॅरेजमध्ये नेऊन ठेवू लागले. सुरेखाबाई पायरीवर बसून मोजत होत्या. शेवटची चार खोकी उरली तेव्हा भानुदास थांबले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं, की अजून मन बदलतंय का. त्या कॅरव्हॅनमध्ये गेल्या, खलबत्ता दोन गोधड्यांत गुंडाळला आणि बरोबर चाकांच्या वर, पलंगाखाली सरकवला. भानुदासांनी ती चार खोकीही उचलली.

"मग किती दिवसांचं माहेर बसलं यात?" सुरेखाबाईंनी आतून विचारलं.

"नऊ."

 भानुदास दाराशी वाट बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, आता त्या आणखी काहीतरी भरायला मागतील, आणि आज त्यांनी काहीही भरू दिलं असतं.

"असू दे," सुरेखाबाई म्हणाल्या.