फ्लेक्सवरचा हार ओढणारी बाई मीच

दसऱ्याच्या आधी एका दुकानातून आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे आलं ते असं... मिक्सर एक, साडी एक, शाल आणि नारळ. किंमत काही नाही. दौंडच्या त्याच दुकानातून माझ्याकडे एक कुकर आला, छापील किमतीला, वर पिशवीचे वेगळे!

कारण जाऊबाईंचा महेश फौजेत आहे. दुकानदाराने दारावर मोठा फ्लेक्स लावला होता... 'सीमेवर लेक, घरी माउली, दोघांना आमचा सलाम'. वर्दीतला महेश, शेजारी जाऊबाई आणि खाली फ्रिजची दसरा ऑफर.

लोक थांबून सेल्फी काढायचे. ग्रुपवर कोणी 'जय हिंद' टाकायचं, कोणी 'जवानाच्या नावावर फ्रिज खपवतोय' म्हणायचं. मी या दुसऱ्या मेसेजला अंगठा दिला. खरं सांगते, फ्रिजचं मला काही नव्हतं... महेशशेजारचा फोटो खुपत होता.

जाऊबाईंचं गाव शिरूरकडचं, हायस्कूल लांब, म्हणून महेश दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून शिकला. भरतीसाठी पळायला जायचा तेव्हा भिजवलेले हरभरे मी द्यायचे. त्याचं पोस्टिंग झाल्यापासून गुरुवार मी धरते. आणि फ्लेक्सवर जाऊबाई!

दसऱ्याला त्या खास फ्लेक्स बघायला आल्या. "चल की गं शोभा, मला एकटीला लाज वाटती." मला तर तो रोजच दिसत होता... तरी गेले.

दुकानात पूजा झाली होती. शटरला, काउंटरला, टेम्पोला, सगळ्याला झेंडूचे हार. उरलेला हार कामगारांनी हौसेने फ्लेक्सवर चढवला होता... नेमका महेशच्या फोटोला.

जाऊबाई बघतच राहिल्या. चार-पाच दिवस महेशचा फोन लागत नव्हता. "शोभे... ह्यांना काय कळलंय का गं? आपल्याला सांगंना झालेत?" एवढं बोलून त्या मटकन पायरीवर बसल्या.

जिवंत लेकराच्या फोटोला हार! देवाचं नाव घेतलं, दुकानातलं स्टूल ओढलं, वर चढले आणि हार खेचून काढला. फ्लेक्सही थोडा फाटला.

"ओ मावशी, जवानाचा हार काढता? लाज वाटत न्हाई व्हय?" एक जण मोबाईल धरून ओरडला. "कोण तुम्ही त्याच्या?"

"काकू."

"आई गप बसलीय आन् काकूला लय पुळका!"

स्टुलावर उभी होते, पण जमिनीत गेल्यासारखं झालं. तेवढ्यात पायरीवरूनच जाऊबाईंचा आवाज आला, "ए बाबा, आईच हाय ती बी. माझ्या पायातलं बळ गेलं, तिच्या हाय अजून. गप बस."

कामगार बिचारे कानाला हात लावत होते. दुकानदाराने स्वतः येऊन जाऊबाईंना पाणी दिलं.

आता तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, 'जवानाचा अपमान करणारी बाई' म्हणून. शिव्या खाल्ल्या, हरकत नाही. पण 'काकूला लय पुळका'पाशी तो कापलाय... जाऊबाईंचं वाक्य त्यात नाही. माझ्या नावाचं एवढं एकच वाक्य होतं, तेही लोकांना ऐकू येऊ नये!

महेशचा फोन अजून नाही. बाळा, रेंज आली की दोन ओळी कळव. फोन आधी आईला कर, तिचा जीव थाऱ्यावर नाही... पण व्हिडिओ कॉल मला कर.