चेअरमनचा वाढदिवस आणि डेअरीचं लॉगिन

तिसगावजवळच्या एका दूध डेअरीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीला पोचलो, तेव्हा सचिव पुन्हा पुन्हा तोच पासवर्ड टाइप करत होते. स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत पासवर्ड मागायची. "पासवर्ड बरोबर हाय, पन आत घेईना," ते म्हणाले.

बाहेर उन्हात कॅनची रांग. सगळ्यात पुढे शकीलाभाभी. नवरा ऊसतोडीला गेलेला, घर दोन म्हशींवर चाललेलं. पहाटेपासून त्या उभ्या होत्या. फॅट तपासायचं मशीन धडधाकट होतं, पण कॉम्प्युटरची पावती निघाल्याशिवाय थेंबभरही दूध घ्यायचं नाही, असा चेअरमनसाहेबांचा हुकूम. का, तर डेअरी डिजिटल आहे. बाहेर फ्लेक्सवर तसं लिहिलंय.

"फॉरमॅट मारा ना," चेअरमन खुर्चीतून म्हणाले. फॉरमॅट म्हणजे सगळंच पुसून टाकणं. डोकं दुखतंय तर मुंडकं उडवा, अशातला हा सल्ला. मी लक्ष दिलं नाही.

कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, सुरू होतानाच एस्केपचं बटण दाबून मेनू आणला आणि रिकव्हरी मोड घेतला. यात चित्रं नाहीत, माउस नाही. काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो, आपण कमांड टाइप करून द्यायची. याला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. सचिवांना वाटलं, मी कॉम्प्युटर कायमचा घालवला.

डिस्कमध्ये किती जागा उरलीय, ते विचारलं. उत्तर आलं, शून्य. लॉगिन करताना कॉम्प्युटरला थोडं काही लिहून ठेवावं लागतं. जागाच नसली की तो दारातूनच परत पाठवतो. जागा खाल्ली होती चेअरमनच्या वाढदिवसाच्या ड्रोन शूटिंगनं. एकदा नाही, निष्ठा दिसावी म्हणून प्रत्येक संचालकानं आपल्या नावाचं फोल्डर करून तेच शूटिंग नव्यानं टाकलेलं. अशी माणसं दूध संस्था चालवतात.

एक प्रत ठेवून बाकीच्या उडवल्या. रीस्टार्ट केल्यावर लॉगिन झालं. डेस्कटॉपवर हार घातलेले चेअरमन हसत होते.

शकीलाभाभींनी कॅन पुढे केला. सचिवांनी पळीभर दूध उकळून पाहिलं. फाटलं.

"नासलेलं घेता येत न्हाई, भाभी. नियम हाय."

"आनलं तवा चांगलं हुतं," त्या म्हणाल्या आणि कॅन उचलून निघाल्या.

माझं डोकं फिरलं. हे दूध तुमच्या वाढदिवसानं नासवलंय, असं मी चेअरमनना तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावलं.

"कुन्या संचालकानं फोल्डर केलं न्हवतं, तेवढं सांगा."

आता कुठल्याही ऑफिसात लॉगिन अडलं की मी आधी विचारतो, साहेबांचा वाढदिवस कधी झाला.