चार वाजताचा डबा

श्री. कृष्णनाथ सोनू परब, वय एकसष्ट, राहणार नार्वे, तालुका डिचोली. व्यवसाय: बागायत. उल्लेखनीय कार्य: वाड्यावरील (वस्तीवरील) वानरांचा उपद्रव अहिंसक मार्गाने आटोक्यात आणला. सध्या अंदाजे पंचवीस वानरे सदर इसमाच्या पूर्ण नियंत्रणाखाली आहेत.

वाड्यावरच्या बागायतदार मंडळाने शाल देताना हे वाचून दाखवलं, तेव्हा सदर इसम घड्याळाकडे बघत होता. चार वाजत आले होते.

प्रकरण सुरू झालं ते भाविकपणातून. केल्डी, म्हणजे वानरं, शहाळी पाडायला उतरली की कृष्णनाथ पत्र्याचा डबा बडवायचा. ती पळायची. पण मारुतीची जात आपण हाकलली, हे त्याच्या मनाला खायचं. मग तो बागेच्या दगडी गडग्यावर केळी मांडून कान पकडायचा. इतक्या स्वस्तात पाप फिटतं याचं त्याला समाधान होतं. केल्ड्यांनी मात्र सरळ अर्थ काढला: डबा वाजला की जेवण. थोड्याच दिवसांत ती डब्याला पळेनाशी झाली आणि डब्याला येऊ लागली. रोज चारला. एकदा केळी नव्हती, तर त्यांनी छपराची कौलं उचलून अंगणात फेकली. ऐन श्रावणात देवघरात पाणी. दुसऱ्या दिवशी केळी वेळेवर होती आणि कौलं जागेवर. कृष्णनाथही शिकला.

पोट भरल्यावर केल्डी कुणाच्याच माडाकडे बघेनात. वाडा खूश. शाल त्याचीच.

मग वास्कोला लेकीच्या, गौरवीच्या, मुलीचं बारसं ठरलं. पहिली नात. कृष्णनाथने शेजारच्या गुरुदासला गळ घातली, "एक दिस तू डबो वाजय रे."

"बरो गावलो तुका! तेंनी माझा थोबाड वळाखला काय दुसऱ्या दिसापासून माझी कौलां गेली."

बारशाच्या दिवशी कृष्णनाथने युक्ती केली. चारची केळी सकाळीच मांडली, डबा वाजवला, इस्त्रीचा सदरा घातला, दाराला कुलूप लावलं. केल्ड्यांनी खाल्लं, पण ती गेली नाहीत. म्हातारा हुप्प्या छपरावर चढला, एक कौल उचललं आणि ते हातात धरून कृष्णनाथकडे बघत बसला. टाकलं नाही. नुसतं धरलं.

रस्त्यावर बस थांबली होती. बायको, सुमंगला, बसच्या पायरीवरून ओरडली, "ओ, बारसां नातीचां आसा, केल्ड्यांचां न्हय! येतात काय नाय?"

"तू हो फुडे. चारची केळी घालतंय नि मागच्या बशीन येतंय."

"तेंनी तुमका बरे पाळल्यानी," ती म्हणाली आणि आत गेली.

कृष्णनाथने कुलूप काढलं. हुप्प्याने कौल खाली ठेवलं.

चारला केल्डी पुन्हा आली, आणि शेवटची बस जाईपर्यंत छपरावरून हलली नाहीत. तेव्हापासून डबा सकाळीही वाजतो.

नात आता चालायला लागली आहे. कृष्णनाथने तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही.