वीतभर अंतर

आईचा फोन मी कानापासून वीतभर लांब धरून ऐकायचे. दिवाळे गावच्या मासळीबाजारात आयुष्यभर गलक्यावर आवाज चढवून मासळी विकलेली बाई ती. फोनवर हळू बोलायचं असतं हे तिला कधी पटलंच नाही. "जेवलीस का गो?" हे ऑफिसात माझ्याआधी शेजारच्या टेबलाला ऐकू जायचं. मी फोन लांब धरते हे तिला ठाऊक होतं, आणि तिला त्याचं कौतुकच होतं.

आमचं ऑफिस महापेला. आम्ही कॉम्प्युटरची साउंड कार्डं बनवतो, म्हणजे माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसणारी छोटी डबी. त्यातला आवाज आत घ्यायचा भाग माझ्याकडे. हळू बोलणाऱ्याचा आवाज वाढवायला एक गोल नॉब असतो, त्याला गेन म्हणतात. मोठ्याने बोलणाऱ्याचा आवाज फाटू नये म्हणून तो आधीच कमी करणारं एक बटण असतं, ते पॅड. आणि किती आवाज आत येतोय हे दाखवायला ओळीने बारीक दिवे. हिरवे असेपर्यंत ठीक, लाल लागला की फाटला. पॅड नीट चालतंय का हे बघायला मी आईच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वापरायचे. "तुमच्या आईंना लाल दिव्याशिवाय बोलताच येत नाही," असं आमचे साहेब म्हणायचे.

मग तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. ऑपरेशन चांगलं झालं, पण आवाजाची एक नस दुखावली आणि तिच्या तोंडून नुसती हवा यायला लागली. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची नस हळूहळू सुधारते, गळ्याचे व्यायाम करत राहा; पण फरक पडत नसेल तर वाट बघत बसू नका, लगेच या. एक इंजेक्शन देता येतं, ते वेळेवर दिलेलं बरं.

'फरक पडत नसेल तर' हे शब्द माझ्या डोक्यात भुंग्यासारखे शिरले. मी मुळातच काळजीखोर. आईला घणसोलीला माझ्या फ्लॅटवर आणलं आणि रजा काढून दिवसभर तिच्याकडे कान लावून बसायला लागले. सकाळी वाटायचं, आज बरा आहे आवाज. दुपारी वाटायचं, छे, कालचाच बरा होता. नवरा म्हणाला, "तू तिला ऐकत नाहीस, तपासतेस." खरं होतं, पण करू काय? आवाज गेला तर ती बाजारात बसणार कशी, आणि बाजारात न बसणारी आई कशी असते हे मला माहीतच नव्हतं. मला फार भीती वाटत होती.

कानांवर भरवसा राहिला नाही तेव्हा मी ऑफिसातलं एक कार्ड घरी आणलं. आवाज हळू आला की आपणहून वाढवायची सोय त्यात होती, ती आधी बंद केली. ती चालू ठेवली असती तर आई कुजबुजली काय नि ओरडली काय, दिवे तेवढेच लागले असते. मग नॉब एका जागी ठेवून तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. रोज तोच नॉब, तोच माईक, तेच वाक्य. आता फसायला जागाच नाही, असं मला वाटलं.

रजा संपल्यावर रोज मी ऑफिसला निघण्याआधी आई डायनिंग टेबलाशी स्टुलावर बसायची. मध्ये माईक, पलीकडे मी, आणि डबीचं तोंड माझ्याकडे. ती तिची बाजारातली हाक म्हणायची, "ये बाय, ताजा म्हावरा हाय, बग तरी!" पहिल्या दिवशी एकच हिरवा दिवा लागला, तोही लाजत. पुढच्या आठवड्यात दोन लागले. मग तीन. ज्या दिवशी चौथा लुकलुकला त्या दिवशी मी आईला मिठीच मारली आणि डॉक्टरांकडची ठरलेली वेळ पुढे ढकलली.

घरात मात्र ती मला अजून वाटीवर चमचा वाजवूनच बोलावत होती. चार दिव्यांची बाई चमचा का वाजवते? दोन दिवस मी हा प्रश्न झटकून टाकला. तिसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्या हाकेची रोज साठवलेली सगळी रेकॉर्डिंग हेडफोन लावून एकामागून एक ऐकली. आवाज वाढत होता, पण त्याबरोबर श्वासही वाढत होता. शब्द जाड होत गेले होते आणि 'बाय'मधला 'ब' माईकवर धपकन आपटत होता. तोंड माईकला चिकटवलं की असंच होतं. हे मी नव्या लोकांना स्वतः शिकवते.

दुसऱ्या सकाळी मी दिव्यांकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं. स्टूल पार टेबलाला टेकलं होतं. ती वाकली, ओठ माईकला लागतील इतकी, आणि बोलताना तिची नजर माझ्यावर होती. दिवे तिला दिसतच नव्हते. ती माझं तोंड बघत होती.

"आई, पुढे का सरकतेस?"

"तुजा तोंड उजाळता गो," ती हवेच्या आवाजात म्हणाली. "पुढं सरकले का उजाळता. रोज किती घाबरलेली असतेस."

नॉब मी ठिपका देऊन बांधून ठेवला होता, पण आईला बांधणार कोण? मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मग रडूच आलं. डोळे पुसून मी स्टूल मागे ओढलं आणि माझ्या हाताची वीत माईक आणि तिच्या ओठांमध्ये धरली. ती बोलली. एकच दिवा लागला, पहिल्या दिवसासारखा.

"किती?" तिने विचारलं.

"एक."

ती स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "मंग चल, डाक्टरकडं जाऊ."

डॉक्टर रागावले नाहीत. जरा आधी आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले. रागावले असते तरी चाललं असतं. इंजेक्शन दिलं, पुन्हा व्यायाम सुरू झाले आणि हळूहळू हवेतून आवाज सुटा व्हायला लागला. कार्ड मी ऑफिसात परत नेऊन ठेवलं होतं. ऐकू येईल तेवढं ऐकायचं, असं ठरवलं. आवाज पूर्वीइतका येणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तरी आई हट्टाने दिवाळ्याला परत गेली आणि बाजारात तिच्या जागेवर बसली.

त्या दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. सवयीने मी तो लांब धरला आणि काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या टेबलावरचे बोलायचे थांबले. मी फोन कानाला दाबला, इतका की कान दुखायला लागला. आधी बाजाराचा गलका आला आणि त्याच्या खालून, खरखरत, "जेवलीस का गो?"

"जेवले."

"आयकू येतंय का तुला?"

"येतंय की," मी म्हणाले. "वीतभर लांब धरलाय फोन."